सही माझी, निकाल सुनेचा

ऐका तर. सन दोन हजार चोवीस, फेब्रुवारी महिना, थंडी सरत आलेली. अल्लीपूरला मटक्यावरच्या रोट्यांच्या स्पर्धेची परीक्षक मी होते. भाच्याने प्रमाणपत्रे माझ्या सहीसकट वर्ड फाईलमध्ये सर्वांना धाडली. आठवड्याने पाहते तो दुसऱ्या आलेल्या शोभाबाईंच्या भिंतीवर चौकट: ‘प्रथम क्रमांक’, आणि खाली माझी सही!

“हे काय, शोभाबाई?”

“सुनेनं छापलं, काकू. बदलता येऊन राह्यलं होतं, म्हणून बदललं.”

मी भाच्याला खडसावले, “पीडीएफ का केली नाहीस? माझ्या सहीखाली खोटे खपवतोस?”

“मावशी, मले वाटलं, नाव चुकलं तर लोकाइले सुधारता येईन.”

होळीच्या दिवशी ‘द्वितीय क्रमांक’ची पीडीएफ शोभाबाईंच्या सुनेच्या मोबाईलवर धाडली आणि तिच्यावरून छापलेले प्रमाणपत्र मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले.

सून मोबाईलवर त्या फाईलशी खटपट करून म्हणाली, “काकू, याच्यात तर काईच बदलत नाई!”

“निकालही नाही,” मी म्हटले.