लग्नाचा राखाडी मंच

बेटावर जाणाऱ्या बोटीच्या रांगेत पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं मॉरीनच्या कानावर पडत होतं.

"लॉर्न, उद्या पोरीचं लग्न आणि नाचाचा लाकडी मंच तू राखाडी करून ठेवलास!"

"अगं, खनिजाची पूड पाण्यात कालवून पाजलीय फळ्यांना. रंग बदलणारच. पण आता पाणी मुरणार नाही."

"पहाटेपासून पाऊस कोसळतोय तिकडे बेटावर. फुगल्या असतील."

"थांब, तिचाच फोन. बोल गं, आई पण ऐकतेय."

"बाबा, पाणी मोत्यांसारखं घरंगळतंय! नुसता फडका फिरवला आणि आम्ही नाचायलाही लागलो!"

"ऐकलंस, आर्डिथ?"

"ऐकलं. उद्या पहिला नाच माझ्याबरोबर. गुडघ्याची सबब चालायची नाही."

"उद्या कशाला? आत्ताच ये."

रांग पुढे सरकली, तरी तिथेच नाचू लागलेल्या त्या दोघांना मॉरीनने हटकलं नाही.