निळ्यांच्या मैदानावरची माझी रेघ

...आणि वर मलाच विचारतात, लाज नाही वाटली का! अहो, कसली लाज? चोरी केली? कोणाच्या घराला आग लावली? रेघ मारली हो मी, रेघ! गवतावर, पांढऱ्या रंगाची, बारा सेंटिमीटर रुंद, या खांबापासून त्या खांबापर्यंत, केसभर इकडेतिकडे नाही. आणि त्यासाठी तो न्हावी, पहिली ते सातवी एका बाकावर बसलेलो आम्ही, परवा माझी अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा खाली ठेवतो आणि म्हणतो, उरलेली निळ्यांकडून करून घे! आता अर्धी दाढी घेऊन माणसानं जायचं कुठे? रुमाल धरून घरी आलो, दात दुखतोय म्हणून सांगत.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही अर्धंच ऐकून उठाल. आमच्या या शहरात फुटबॉलचे क्लब दोन, लाल आणि निळे. मध्ये कोणीतरी पिवळा क्लब काढून बघितला होता, तो दीड वर्षात बंद पडला, कारण त्याच्या सामन्याला खेळाडूंच्या आया सोडल्या तर कोणी फिरकेना. इथे माणूस जन्मतो तोच लाल नाहीतर निळा. आम्ही लाल. माझे आजोबा लाल, बाबा लाल, मी लाल. माझं लग्न ठरताना मुलगी शिकलेली आहे का, स्वयंपाक येतो का, बाबांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, घरात कोणी निळं आहे का? एक चुलतमामा निघाला, तर त्याला लग्नात मागच्या रांगेत बसवला. असे आमचे बाबा. एक्याऐंशी वर्षांचे, हाडाचे सुतार. हात कापायला लागले म्हणून रंधा सोडला, पण नजर तीच. घरात नवीन टेबल आलं की एक डोळा मिटून कडेवरून बघतात आणि ज्यानं केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. गळ्यात लाल मफलर, भर उन्हाळ्यात.

आणि मी? मी बावीस वर्षं रस्त्यावर पट्टे मारले. तुम्ही शाळेसमोरचा रस्ता ओलांडता ना, त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून? माझे. नंतर गाडी आली. ड्रायव्हर आत बसून गाणी ऐकतो आणि खाली आपोआप पट्टा पडतो. आम्हाला सांगितलं, घरी बसा. मी घरी बसलो का? नाही! पहिल्यांदा गेलो कुठे? लालांकडेच गेलो. सेक्रेटरीला म्हटलं, साहेब, मैदान आखायला ठेवा मला, तुमच्या मधल्या रेघेची अवस्था बघवत नाही. तो म्हणाला, आमच्याकडे माणूस आहे. कोण माणूस? त्याच्या बहिणीचा मुलगा! तो मोबाईलवर बोलत बोलत रेघ मारतो, बोलण्यात जोर आला की रेघ फुगते. तीनदा गेलो मी. तिसऱ्यांदा तर बस म्हणायलाही कोणी नव्हतं. आणि मग निळ्यांच्या म्हाताऱ्या माळ्यानं शाळेसमोरचे पट्टे बघितले, हे कोणी मारले म्हणून विचारत विचारत माझ्या दारात आला. आता सांगा, काय करायला हवं होतं मी? अहो, रेघ पांढरी असते हो. लाल नसते आणि निळीही नसते.

पण हे घरात कोण सांगणार? बाबांनी बोलणं बंद केलं. म्हणजे पूर्ण बंद. मी हातभर अंतरावर बसलेलो आणि सुनेला म्हणायचे, "त्याला सांग, पाण्याचा तांब्या सरकव." मी तांब्या सरकवायचा, ते म्हणायचे, "त्याला सांग, मिळाला." सात महिने! कामावर निळा शर्ट घालावा लागतो, तर बाबांनी आपल्या मफलरसाठी वेगळी बादली मागितली. बायको तो शर्ट बाल्कनीत वाळत घालायची नाही, दोन चादरींच्या मध्ये लपवून आतल्या खोलीत घालायची, तिसऱ्या दिवशीही ओलाच. दमट शर्ट घालून गेलोय मी कामाला, सर्दी झाली मला, आणि सर्दीलाही मेहुणा म्हणतो, निळ्यांची हवा बाधली.

पण काम! कामाचं विचारा मला. सकाळी दव वाळलं की निघायचं. दोन खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची, बोटानं टिचकी मारली की टण्ण वाजली पाहिजे. मग रंगाचं चाक घेऊन चालायचं, आणि नजर चाकावर ठेवायची नाही, ती पलीकडच्या खुंटीवर, शिंक आली तरी तिथेच. मधलं वर्तुळ तर असं जुळवतो मी, की त्या माळ्याला उभं केलं आणि म्हटलं, सुरुवात कुठे केली दाखवा. तो माणूस चाळीस वर्षं गवतात वाढलेला, गुडघ्यावर बसला, दोनदा वर्तुळाभोवती फिरला आणि म्हणाला, "हे मारलेलं नाही, हे उगवलंय." छाती अशी झाली माझी, अशी! रस्त्यावर बावीस वर्षांत कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, नुसते हॉर्न मारायचे.

आणि मग आला तो सामना. लाल विरुद्ध निळे, निळ्यांच्या मैदानावर, मोसमातला शेवटचा. लालांना नुसती बरोबरी हवी होती. बरोबरी झाली तर वरच्या गटात टिकणार, हरले तर खालच्या गटात जाणार, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आदल्या दिवशी मेहुणा आला. हा लालांच्या समर्थकांचा पुढारी, ढोल त्याच्याच गळ्यात असतो. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, दाजी, गोलची रेघ चार बोटं मागे मारा, त्यांचा चेंडू आत गेला तरी गेला नाही असं होईल, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, अरे शहाण्या, मध्यंतरानंतर बाजू बदलतात! मग आमचा चेंडू जाईल तेव्हा? तो विचारात पडला. बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, मध्यंतरात पुसून पुढे मारता येणार नाही का? वीस हजार माणसांसमोर! बायकोचा भाऊ आहे म्हणून चहा पाजून पाठवला. म्हटलं, बाबा रे, रेघ पांढरी असते.

सामन्याच्या दिवशी मी अवजारांच्या खोलीपाशी उभा, अंगात निळा शर्ट. ओरडायची सोय नाही. आतल्या आत ओरडूनही घसा बसतो हे मला त्या दिवशी कळलं. बाबा पाहुण्यांच्या बाजूला, गोलच्या मागे, मेहुण्याच्या ढोलाशेजारी. शून्य-शून्य, शून्य-शून्य, एकोणनव्वद मिनिटं शून्य-शून्य, मी मनातल्या मनात रेफरीला शिट्टी मारायला सांगतोय, आणि निळ्यांच्या त्या लंब्यानं चेंडूला डोकं लावलं! आमच्या गोलकीपरनं चेंडू पकडला हो, दोन्ही हातांनी छातीशी पकडला, पण पकडता पकडता मागे पडला. चेंडू रेघेवर का रेघेपलीकडे? नियम काय आहे, अख्खा चेंडू अख्ख्या रेघेपलीकडे गेला पाहिजे. आणि ती अवजारांची खोली बांधणाऱ्यानं नेमकी गोलच्या रेघेत बांधलीये, दुसरीकडे बांधली असती तर काय बिघडलं असतं? मला दिसलं. चेंडू आणि रेघेच्या मध्ये दोन बोटं गवत दिसलं. झेंडेवाल्या पंचानंही बघितलं. गोल!

शिट्टी झाली तसे निळे सगळे कुंपण ओलांडून आत. त्या गोलसमोर नाचले, लोळले, गवत उपटून खिशात घातलं, माझ्या रेघेचा चिखल करून टाकला. आणि इकडे लालांनी तक्रार ठोकली. काय तक्रार? म्हणे गोलची रेघ मधोमध चार बोटं मैदानात फुगलेली होती, म्हणून चेंडू आत गेल्यासारखा दिसला. अहो, नाचता येईना अंगण वाकडं! स्वतःच्या संघाबद्दल बोलताना जीभ अडखळते, पण दुसरं काय म्हणू? बहिणीच्या मुलाची फुगलेली रेघ रोज बघणाऱ्या माणसाला सगळ्याच रेघा फुगलेल्या दिसणार. आता मोजायला रेघच उरलेली नाही. उरलो कोण? मी. रेघ वाकडी होती असं मी म्हटलं तर सामना पुन्हा होणार. सरळ होती म्हटलं तर लाल खाली. सेक्रेटरी सगळीकडे सांगत सुटला, काळजी करू नका, रेघवाला आपला माणूस आहे. तीनदा गेलो तेव्हा आपला नव्हतो मी!

गुरुवारी फुटबॉल संघटनेच्या कचेरीत चौकशी. दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, टेबलापलीकडे तीन माणसं, अलीकडे एक खुर्ची. मागे बाकांवर सेक्रेटरी, मेहुणा, आणि मेहुण्यानं हाताला धरून आणलेले बाबा, मफलर घालून. मला वाटलं, माझ्यावर दडपण यावं म्हणूनच आणलं असणार. मधला अध्यक्ष म्हणाला, तुम्ही लालांचे समर्थक? म्हटलं, जन्मापासून. आणि काम निळ्यांकडे? म्हटलं, सात महिने. त्यानं चष्मा काढून मला नीट बघितलं आणि म्हणाला, रेघ सरळ होती का?

आता इथे जरा थांबा तुम्ही. मी तोंड उघडलं ते "असेल थोडी वाकडी" म्हणायलाच. खोटं कशाला सांगू? एवढंच म्हणायचं होतं. दव होतं, हात आहे, हलतो, असेल थोडी. लाल वाचले असते, चौकात लोकांनी पुन्हा हाक मारली असती, बाबा बोलले असते. सगळं त्या एका "असेल"मध्ये होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "सरळ होती. दोरी लावून मारली होती. माझी रेघ वाकडी नसते." स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकलो! पण काय करणार, तुम्हीच सांगा. आयुष्यात दुसरं काय सरळ जमलंय मला? शाळा अर्धवट, घर भाड्याचं, तब्येत ही अशी. सरळ म्हणावी अशी एक रेघ आहे माझ्याकडे, ती पण वाकडी म्हणू?

सेक्रेटरी ताडकन उठला. "निळ्यांचं मीठ खातोय तो, दुसरं काय बोलणार?" आणि मागून काठी आपटल्याचा आवाज आला. बाबा उभे! मेहुणा त्यांना खाली बसवायला बघतोय, ते बसायला तयार नाहीत. अध्यक्ष म्हणाला, आजोबा, आपण कोण? बाबा म्हणाले, "मी सुतार. याचा बाप. सामन्याच्या आधी मी कुंपणातून आत शिरून ती रेघ बघितलीये, खांबाशी डोळा लावून. वाकडी असावी म्हणूनच बघितली, आमचा क्लब वाचावा म्हणून. नव्हती."

मग सेक्रेटरीकडे वळले. "साठ वर्षं फळ्या बघितल्या मी. एवढं सरळ मलाही जमलं नाही."

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोरचं टेबल दिसेना. बाबांनी माझ्या कामाला उभ्या जन्मात बरं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तर कुठे, भर चौकशीत, स्वतःच्या क्लबचा गळा स्वतःच्या हातानं दाबून! तक्रार फेटाळली. लाल खालच्या गटात गेले. मेहुण्यानं ढोल गादीच्या खोळीत घालून पोटमाळ्यावर टाकला. जिना उतरताना बाबांनी माझा दंड धरला, मी चोपन्न वर्षांचा घोडा, जिन्यात उभा राहून रडलो, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं हा लालांसाठी रडतोय. आणि रडत होतोही, लालांसाठी आणि बाबांच्या त्या शब्दांसाठी, दोन्हींसाठी. म्हटलं, बाबा, रेघ पांढरी असते हो, काय करू? ते म्हणाले, माहितीये, पुढची पायरी बघ.

आता बोलतात माझ्याशी, रोज बोलतात. बाहेर कोणी माझ्या रेघेबद्दल ब्र काढला तर काठी उगारतात, सगळ्या गल्लीला त्या रेघेचं वर्णन तोंडपाठ झालंय. आणि घरी येतात, मफलर काढून घडी घालतात, माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, "सगळं मान्य रे... पण इतकी सरळ मारायची काय गरज होती?"