उकळत्या पाण्यातली कणीक

माझा जन्म जयगडच्या वरच्या अंगाला, कातळावरच्या वाडीत. आमच्याकडे भात नि नाचणी, गव्हाचं पीठ मी लग्न होईपर्यंत हातात धरलं नव्हतं, काय सांगू तुम्हाला. तांदळाची भाकरी मात्र लहानपणापासून करायचे, आधणात पीठ उकडायचं, गरम आहे तोवर मळायचं आणि थापायची, दुसरी रीत ठाऊकच नाही.

नवरा मुंबईला गिरणीत. पहिल्या शिमग्याला गव्हाचं पीठ, पोळपाट, लाटणं आणि एक सोबती घेऊन आला. त्याला वाटेभर सांगत आला, पोळ्या खायच्या तर आमच्या घरी. मी आपलं आधण ठेवलं आणि पीठ त्यात ढकललं, तांदळाचं करतात तसं. ती कणीक पोळपाटाला चिकटे, उचलली की फाटे, फाटली की मी आणखी पीठ लावी, तव्यावर गेली की चामडं. सोबती हसून म्हणाला, वहिनी, वहाणेला तळ लावायला बऱ्या आहेत ह्या. नवऱ्याने लाटणं उचललं नि माझ्या उजव्या मनगटावर मारलं, एकदा नाही, हाड मोडेपर्यंत. सासू चुलीपाशीच होती, ती म्हणाली, अरे, पोळपाट फुटेल, तो बाजूला घे.

हात बांधला मोठ्या जावेने. ती मुंबईला राहून आलेली. म्हणाली, बाय, गव्हाला गार पाणी, वर तेलाचा हात, मग ओल्या फडक्याखाली झाकून ठेव नि दुसऱ्या कामाला लाग. लाटताना आखडली तर जोर करू नको, पुन्हा झाक. मनगट वाकडंच बसलं, पण सणासुदीला मिळेल त्या मूठभर पिठावर मी वर्षभर शिकले. पोळी साधली की मार थांबेल, एवढंच माझ्या मनात, देवाकडेही दुसरं काही मागितलं नाही.

पुढच्या शिमग्याला पोळ्या गोल, पातळ, टम्म फुगलेल्या. नवऱ्याने सात खाल्ल्या, हात धुतला, माझे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मी विचारलं, आता काय चुकलं?

"काही नाही," म्हणाला. "विसरू नयेस म्हणून."

त्याच दुपारी डोक्याला फडकं बांधून निघाले, जावेला तेवढं सांगितलं, आणि चालत, खाडी तरीने ओलांडून रत्नागिरीस आले.

आता कोर्टाजवळच्या खानावळीत पोळ्या लाटते, बरीच वर्षं झाली. परवा नवी बाई कामाला लागली, तीही घर सोडून आलेली. पहिलीच पोळी फाटली तर डोक्यावर दोन्ही हात धरून खाली बसली. मी म्हटलं, ऊठ गो, फाटली ती मी खाते, तू दुसरी लाट. एवढीच माझी गोष्ट, तुम्ही सगळे सुखी राहा.