सूर्य कुणासाठी विझवला?

...नाही, तुम्हीच सांगा, मुलीचं लग्न कशावरून मोडावं याला काही सुमार? घराण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, तीस वर्षांपूर्वीच्या सिनेमातल्या खलनायकावरून! आणि त्या खलनायकाच्या मनात काय होतं, हे अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक. मला! पण मला कोण विचारतो?

तुम्हाला सांगतो, तेव्हा आम्ही ट्रकमधून गावोगाव सिनेमा न्यायचो. देवळाच्या पटांगणात पडदा, पुढे चटया, आणि ट्रकमध्ये माईक धरून मी! परदेशी सिनेमा लोकांना कळणार कसा? म्हणून नायक मी, नायिका मी, "सोड मला, राक्षसा!", भुंकणारा कुत्रासुद्धा मीच. संवादांचा कागद कंपनी द्यायची. तर त्या अवकाशातल्या सिनेमाचा कागद पहिल्याच मुक्कामी भिजून लगदा! आता तो लोखंडी तोंडाचा सेनापती सूर्य विझवायला निघालाय... का निघालाय? मला काय माहीत! ती भाषा येते कुणाला?

नाखाम गावात त्या वर्षी भातं करपलेली. मी सेनापतीच्या तोंडी घातलं, "या सूर्याने माझी शेतं जाळली, याला सोडणार नाही!" अहो, पब्लिक उभं राहिलं! "विझव! विझव!" दुसऱ्या दिवशी दोनकोक गाव. तिथे पुढच्याच चटईवर बुआलाई, हातात चिकट भाताचा गोळा. तीन जत्रा मी तिच्याकडे बघतोय, ती ढुंकून बघेल तर शपथ... मग सेनापतीच म्हणाला बिचारा, "दिवसाउजेडी ती माझ्याकडे बघत नाही, मग उजेड हवाय कशाला?" तिने भात खाली ठेवला हो! डोळे पुसले! पुढे आमचं लग्नही झालं, पण ते तिच्या मामाने जमवलं. ते वाक्य कुणाचं, हे मला कोण विचारतो?

काल नाखामचे थोंगयोय, आमचे होणारे व्याही, सुपारीचं तबक घेऊन आले. जेवताना म्हणाले, यंदा जत्रेत तोच सिनेमा आणतायत. "शेतकरी माणूस होता हो तो सेनापती, विहीणबाई. शेतं जळाली त्याची."

बुआलाई म्हणाली, "शेतं? अवकाशात कसली शेतं? बाईसाठी केलं त्याने!"

"बाईसाठी कुणी सूर्य विझवतं?"

"तुमच्या गावात नसतील विझवत!"

झालं! आमची पिकुन दाराआडून खुणावतेय, बाबा, काहीतरी बोला! बोललो. तीच चूक. म्हटलं, "कागद नव्हताच. दोन्ही मीच रचलं."

थोंगयोय लालबुंद! "म्हणजे नाखाम फुकट रडलं? माझे वडील मरेपर्यंत त्या सेनापतीचं नाव काढून हात जोडायचे! थापाड्याची मुलगी आम्हाला नको!" तबक उचललं, चालते झाले. मुलगा मान खाली घालून मागोमाग. तेव्हापासून पिकुनच्या खोलीचं दार बंद. पोर जेवलेली नाही... जीव तुटतो हो. पण करू काय? खरं बोलून मोडलेलं लग्न खोटं बोलून जुळतंय थोडंच?

बरं, बायकोला तरी पटावं! "वाक्य तुमचं? तुमचं? अहो, ताटात मीठ कमी पडलं तरी तुमचं तोंड उघडत नाही! कागदावरचं वाचलंत तुम्ही. तसा माणूस एकच होता, तो सिनेमात मेला."

मेला! त्याला मारतानाचा "आऽऽह" पण माझाच होता हो!

आज दुपारी ती आडवी पडली होती. म्हणाली, "अहो..." म्हटलं, आली वेळ! विचारतेय एकदाची!

"अहो, ऊन डोळ्यांवर येतंय. तेवढा पडदा ओढता का?"

ओढला. का ओढला... मला कोण विचारतो?