तबकातली कात्री

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य डॉ. देवव्रत साठे सर. व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे आणि आपल्या पहिल्या उपग्रहाचे देणगीदार श्री. भाऊराव चौकेकर, आजचे सत्कारमूर्ती, छत्तीस वर्षं या महाविद्यालयाची सेवा करणारे प्रयोगशाळा साहाय्यक श्री. जयवंत धुरी, त्यांच्या पत्नी शेवंतीताई, सहकारी प्राध्यापक, हॅम रेडिओ क्लबचे आजी-माजी सभासद आणि विद्यार्थी मित्रहो,

मी मृणालिनी प्रधान, इलेक्ट्रॉनिक्स विभागाची प्रमुख. कार्यक्रमपत्रिकेत माझ्याकडे दोन कामं आहेत. चार शब्द बोलणे आणि शाल घालणे. चार शब्द मी लिहून आणले होते. ते पर्समध्येच राहू देते, कारण सर आत्ता म्हणाले, "उपग्रहाच्या वेळी जयवंतरावांच्या हातून चूक झाली, पण संस्थेने ती मोठ्या मनाने पोटात घातली." आपण टाळ्या वाजवल्यात. मी शेवंतीताईंकडे पाहत होते. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

सर, आपल्याबद्दल मला आदरच आहे. पण चूक कोणाच्या हातून झाली हे आपल्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

नवीन मुलांसाठी थोडं सांगते. आपला उपग्रह अर्धा किलो मिठाईच्या डब्याएवढा होता. वर जाऊन त्याने हाक द्यायची आणि जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी ती ऐकायची, एवढंच त्याचं काम. तो बनवायला तीन वर्षं लागली आणि पैसे जमवायला चार. पार्ल्यातले किती जिने चढले मी! "कॉलेजचा उपग्रह? मॅडम, आधी कॉलेजची लिफ्ट चालू करा ना," असं एक गृहस्थ म्हणाले, आणि तरीही पाचशे रुपये दिले.

त्याचा अँटेना म्हणजे सुताराच्या पोलादी टेपचे चार तुकडे. डब्याभोवती दाबून ते तंगुसाने, म्हणजे मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, बांधायचे. वर गेल्यावर एक तार तापते, तंगूस जळतो आणि पाती उघडतात. तो जळला नाही तर अँटेना नाही, आणि अँटेना नाही तर हाक नाही. ही गाठ जयवंतरावांची. देवगडला त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. बर्फात ठेवून, भट्टीत तापवून, त्यांनी ती एकेचाळीस वेळा जाळून पाहिली होती. एकदाही अडकली नाही.

शेवटच्या चाचण्यांना पैसे कमी पडले तेव्हा भाऊराव उभे राहिले. त्यांची एकच इच्छा होती, की बोरीवलीत त्यांच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात उपग्रह लोकांना दाखवावा. नियमाने तो प्रयोगशाळेच्या कपाटातून हलवायचा नव्हता. तीन दिवसांनी तो प्रक्षेपणासाठी रवाना व्हायचा होता. जयवंतराव तेव्हा गावी, आईच्या बाराव्याला. इथे असते तर कपाटासमोर आडवे उभे राहिले असते. ते नव्हते, म्हणून मी नेला.

तिथे भाऊराव म्हणाले, "मॅडम, नुसता डबा काय दाखवता? उघडतो कसा ते दाखवा ना! लोक म्हणतील, डबा दाखवून पैसे नेले." हशा झाला. समोर फीत कापायचं तबक होतंच. कुंकू, फुलं, कात्री. आपल्याकडे तबकातल्या कात्रीशिवाय कुठलं शुभकार्य झालंय? मी म्हटलं, "कापा." भाऊराव, मान खाली घालू नका. तुम्ही विचारलं होतंत, "बिघडणार नाही ना?" आणि मी म्हटलं होतं, "छे हो, पुन्हा बांधू." पाती सपकन उघडली. काय टाळ्या पडल्या!

दुसऱ्या दिवशी बांधायला बसले, तर जयवंतरावांचा बारीक तंगूस सापडेना. बाजारातून आणला तो जाड निघाला. जाड म्हणजे मजबूत, असं पीएच.डी. झालेल्या या बाईला वाटलं! एकदा जाळून पाहायला वेळ होता. पण त्यासाठी कुणाला तरी मदतीला घ्यावं लागलं असतं, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. संध्याकाळी जयवंतरावांचा फोन आला. "मॅडम, सगळा बरा आसा मां?" आईचे दिवस करणारा माणूस डब्याची चौकशी करत होता. मी म्हटलं, "हो, सगळं ठीक."

रॉकेट ठरल्या मिनिटाला गेलं. उपग्रह ठरल्या जागी सुटला आणि बोललाच नाही. आमची विद्यार्थिनी तेजल सात आठवडे, प्रत्येक फेरीला, गच्चीवर अँटेना धरून उभी राहायची. मला पहिल्या दिवसापासून कारण माहीत होतं, आणि मी तिला म्हणायचे, "उद्या बघू."

मग चौकशी समिती नेमली. सदस्य-सचिव मीच. रवानगीच्या वेळचा फोटो जयवंतरावांनी टेबलावर ठेवला. "मॅडम, ही गाठ माझी न्हय." मी म्हटलं, "फोटोत नीट दिसत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग फोटो उचलून खिशात ठेवला. अहवालात वाक्य आहे, 'प्रयोगशाळा साहाय्यकाने गाठ बांधण्यात केलेला निष्काळजीपणा.' ते वाक्य मी लिहिलं. त्या वाक्यापायी त्यांना प्रयोगशाळेतून उचलून उत्तरपत्रिकांच्या गोदामात बसवलं. चौतीस वर्षं सोल्डरिंग केलेले हात शेवटची दोन वर्षं गठ्ठे बांधत राहिले. आणि मी रोज त्या दारावरून जात होते.

का गप्प राहिले? खरं कळलं तर दुसऱ्या उपग्रहाला देणगी कोण देईल, असं मी मनाला सांगायचे. तसं काही नव्हतं. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, बस्स.

सर, अहवाल दुरुस्त करण्याचा अर्ज मी आपण बोलत असतानाच या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहिला आहे. खाली सही आहे. हा घ्या.

संयोजकांचे आभार, आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही. बोलताना एखादं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढं पोटात घाला. गाठीचं मात्र घालू नका.

आता शाल. ती या तबकात आहे. जयवंतराव, माझ्या हातून नको असेल तर इथे, सगळ्यांसमोर, तसं म्हणा. या वेळी मी 'नीट ऐकू आलं नाही' म्हणणार नाही.