हलकी झालेली सॅक

माणसाचा खरा कस डोंगरावर नाही, तयारीत लागतो. दवाखान्याच्या बाकावर, पाठीवरची सॅक न उतरवता, एक गृहस्थ हे बायकोला ऐकवत होते.

"डॉक्टर हो म्हणाले की डोंगरवारी पक्की."

"आणि नाही म्हणाले तर?"

"का म्हणतील? महिनाभर खाऊने भरलेली सॅक घेऊन चालतोय. आधी कंबर मोडायची, आता जाणवतसुद्धा नाही."

"चालताना खाता काय?"

"तासातासाला मूठभर बदाम, खजूर. भुकेची वाट बघायची नसते."

"ते कुठून काढता?"

"सॅकमधून."

"मग सॅक परत भरलीत कधी?"

"भरायची असते?"

नर्सने हाक मारली. "काका, सॅक उतरवून काट्यावर या."

"मागच्या महिन्यात भरलेल्या सॅकसकटच वजन केलं होतं."

"बरं, या तसेच."

वजन मागच्या महिन्याइतकंच भरलं.