टी-शर्टांची भोकं

मार्चपर्यंत बायकोच्या स्वस्त टी-शर्टांना बेंबीपाशी बारीक भोकं पडत असत; एप्रिलपासून ती नवऱ्याच्या महागड्या टी-शर्टांना पडू लागली. माल परत घेणाऱ्या काउंटरच्या रांगेत दोघांची जुंपली होती. मागे कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई उभ्या होत्या; त्यांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

“तिप्पट किंमत मोजलीस ना? आता बोल!”

“अगं, हात लावून बघ, लोण्यासारखा मऊ आहे.”

“लोण्याला भोकं पडत नाहीत. महागड्याला भोकं पडणार नाहीत, ही पैज हरलास. आता वर्षभर मी घेते त्याच कंपनीचे घालायचे.”

“तुझ्या टी-शर्टांची तर मार्चपर्यंत चाळण झाली होती!”

“आता एकही भोक नाही. सुधारली माझी कंपनी.”

बाईंना राहवेना. “माफ करा, एप्रिलपासून घरात काय बदललं?”

“काही नाही हो, ताई.”

“काही नाही कसं? माझ्याऐवजी भांडी हा घासायला लागला!”

“जीन्स घालून? ओट्याला टेकून?” बाईंनी विचारले.

“मग काय, कंबर मोडून घेऊ?”

नवऱ्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिले.

“म्हणजे पैज रद्द!”

“पैज रद्द. भांडी चालू.”

दोष कोणत्याच कंपनीचा नव्हता. जीन्सचे पितळी बटण आणि ओट्याची दगडी कड यांच्यामध्ये भांडी घासणाऱ्याचा टी-शर्ट रोज भरडला जात होता.